बॅटरीवरच्या सक्शन मशीनचं सेफ्टी टेस्टिंग, पर्वती इंडस्ट्रियल इस्टेट – माझा अनुभव

ह्या वर्कशॉपला पाचपैकी साडेचार स्टार. अर्धा कशाचा कापला ते पुढे सांगतो. जरा सविस्तर लिहितोय कारण घरात पेशंट असलेल्या प्रत्येकाला हे माहीत पाहिजे आणि मला आधी कोणीच सांगितलं नव्हतं.

माझी आई ७६ वर्षांची, स्ट्रोकनंतर ट्रेकिओस्टॉमी झालेली, म्हणजे गळ्यातून नळी बसवलेली आहे. दिवसातून आठ-दहा वेळा त्या नळीतला कफ ओढून काढावा लागतो, रात्रीसुद्धा, आणि ते सक्शन मशीन वेळेवर चाललं नाही तर तिचा श्वास अडकतो, इतकं सरळ आहे ते. आम्ही सिंहगड रोडला राहतो, गुरुवारी मेन्टेनन्ससाठी लाइट जाते हे धरूनच चालावं लागतं, म्हणून बॅटरीवर चालणारं पोर्टेबल मशीन घेतलं. नवीन परवडत नव्हतं त्यामुळे सेकंडहँड घेतलं, विकणाऱ्याने सांगितलं की बॅटरी नवीन टाकून दिलीय, मी विश्वास ठेवला.

जूनमध्ये त्याच्या अडॅप्टरची वायर तुटली. मी तपकीर गल्लीत जाऊन १९ व्होल्टचा लॅपटॉपला असतो तसला दोन पिनांचा अडॅप्टर आणला, ४५० रुपये. दुकानदाराला मी काय मशीन आहे ते सांगितलंच नव्हतं, व्होल्टेज आणि पिन दाखवली, त्याने दिला. पिन बसली, हिरवा लाइट लागला, माझ्या दृष्टीने विषय संपला.

आठवडाभराने आईकडे येणाऱ्या मावशी म्हणाल्या, "दादा, फरशी पुसल्यावर मशीनला हात लावला की झिणझिण्या येतात." मी घट्ट धरून बघितलं, काहीच नाही. मग त्या म्हणाल्या तसं अनवाणी उभा राहून हँडलच्या लोखंडी पट्टीवर बोट अलगद फिरवलं तर खरखरीत कागदावरून फिरवल्यासारखं वाटलं, बारीक थरथर. प्लग काढला की ती पट्टी एकदम गुळगुळीत. परत लावला की परत खरखर. ह्याच मशीनची नळी तासाभराने आईच्या घशात जाणार होती आणि मशीन तर मी चोवीस तास चार्जिंगलाच लावून ठेवत होतो, लाइट गेली तर बॅटरी भरलेली हवी म्हणून.

विकणाऱ्याला फोन केला. उत्तर आलं, "अहो बॅटरीचं मशीन आहे ते, सोळा व्होल्टला कुठे शॉक लागतो?" मलाही एक मिनिट ते पटलं, खोटं कशाला बोलू. बॅटरी म्हणजे सेफ हे आपल्या डोक्यात इतकं पक्कं बसलेलं असतं.

तर मग आईच्या फिजिओथेरपिस्टने ह्या वर्कशॉपचा नंबर दिला. ह्यांचं मुख्य काम हॉस्पिटलचं, सिरिंज पंप, मॉनिटर, डिफिब म्हणजे हृदयाला शॉक देणारं मशीन, असलं सगळं टेस्टिंगला येतं, पण घरच्या वापराची मशीनं पण मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी घेतात, आधी फोन करावा लागतो. मी स्वारगेटला मेट्रोने उतरून रिक्षा केली. तिसरा मजला आहे आणि लिफ्ट त्या दिवशी बंद होती, मशीन चार किलोचं आहे म्हणून जमलं, ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर असता तर चढवता आला नसता, हे आधी फोनवर विचारून घ्या.

टेस्टिंग करणाऱ्या मॅडम पंचविशीच्या असतील, बायोमेडिकलचा डिप्लोमा केलेल्या. पहिलं वाक्यच, "काका, चार्जर आणलाय ना? नुसतं मशीन आणलं असतं तर मी परत पाठवलं असतं." आणि मग जे त्यांनी समजावलं ते मला विकणाऱ्याने, डॉक्टरने, कोणीच सांगितलं नव्हतं. मशीन नुसतं बॅटरीवर चालत असतं तेव्हा त्याचा घरातल्या २३० व्होल्टशी काही संबंध नसतो, पण चार्जिंगला लावलं की त्या क्षणापासून ते भिंतीवरचंच मशीन झालं, आणि टेस्टिंग तसंच करायला पाहिजे, पेशंटला जोडलेलं असताना चार्जिंग होऊ शकतं असं धरून. आमचं तर कायमच चार्जिंगवर.

त्यांनी मशीनच्या मागची पाटी दाखवली, चौकोनात माणसाचं चित्र. त्याला बीएफ टाइप म्हणतात, पेशंटला लागणारा भाग अर्थिंगपासून वेगळा ठेवलेला आहे असा त्याचा अर्थ. चौकोनात हृदय असेल तर सीएफ, ते थेट हृदयाशी संबंध येणाऱ्या मशीनला, त्याची करंटची मर्यादा फार कडक आहे. नुसता माणूस, चौकोन नाही, तर बी. इतकी वर्षं ही चित्रं दवाखान्यात बघत आलो, अर्थ आत्ता कळला.

आता टेस्टिंग कसं केलं ते, कारण मी पूर्ण दोन तास शेजारी स्टूलवर बसून बघितलं, ते बसू देतात ही ह्या जागेची सगळ्यात मोठी गोष्ट आहे. मशीनची बॉडी प्लास्टिकची, प्लास्टिकवर मीटर कुठे लावणार? तर त्यांनी स्वयंपाकघरात असते तशी अॅल्युमिनियम फॉइल घेतली, पट्टीने मोजून २० बाय १० सेंटीमीटर कापली आणि हँडलच्या पट्टीसकट बॉडीला हाताने घट्ट दाबून बसवली. म्हणाल्या हा माणसाचा तळहात समजा. फॉइलपासून वायर अॅनलायझरला, म्हणजे करंट मोजायच्या त्यांच्या मीटरला. अॅनलायझरच्या आत १००० ओहमचा रेझिस्टन्स असतो, तो माणसाच्या शरीराच्या जागी, आणि त्यातून किती करंट जातो ते आकडा दाखवतो, मायक्रोअँपिअरमध्ये, म्हणजे अँपिअरचा दहा लाखावा भाग. नळीसाठी अजून वेगळं, स्टीलच्या वाटीत सलाइनचं पाणी ओतलं, कॅथेटरचं, म्हणजे कफ ओढायच्या नळीचं टोक त्यात बुडवून थोडं पाणी ओढून घेतलं म्हणजे नळी ओली झाली, आणि वाटीला वायर. "आजींचा घसा ओलाच असतो ना, कोरड्या नळीवर मोजून काय उपयोग."

आकडे सांगतो. नुसत्या बॅटरीवर फॉइलवर एकच्या आत, जवळजवळ शून्य. माझा ४५० चा अडॅप्टर लावला तर १६८. प्लगची पिन उलटी केली तर १७४. सगळं व्यवस्थित असताना माणसाच्या हाताला लागणारा करंट १०० च्या आत पाहिजे, आयईसी ६०६०१-१ ह्या मेडिकल मशीनच्या स्टँडर्डमध्ये तसं दिलंय, म्हणजे इथेच फेल. मग त्यांनी एक बटण दाबलं, अॅनलायझरमध्ये न्यूट्रल तुटल्यासारखं झालं आणि आकडा ३२९ वर गेला. एखादा बिघाड असताना ५०० पर्यंत चालतं, त्यामुळे हे मात्र पास. मला हे ऐकून बरं वाटलं तर त्या म्हणाल्या थांबा, आत्ताच खूश होऊ नका. कॅथेटरच्या वाटीवर ४१ आला, तोही मर्यादेत होता.

हे बिघाडाचं टेस्टिंग म्हणजेच खरं टेस्टिंग, असं मी तिथून शिकून आलो. सिंगल फॉल्ट म्हणतात त्याला. मशीन ठणठणीत असताना कोणालाच शॉक लागत नाही, प्रश्न असा आहे की आतली एक गोष्ट बिघडली तर पेशंट वाचतो का. म्हणून मुद्दाम एका वेळी एकच गोष्ट बिघडवायची, न्यूट्रल तोडायची, अर्थिंग असेल तर अर्थिंग तोडायची, आणि बघायचं की दुसरा बंदोबस्त शिल्लक आहे का. पेशंटच्या बाजूला असे दोन बंदोबस्त पाहिजेतच, एक गेला तर दुसरा.

मग अडॅप्टर मला विचारून फोडला. आत त्यांनी चिमट्याने एक निळी चकती दाखवली, शर्टाच्या बटणापेक्षा लहान. ती चकती म्हणजे कपॅसिटर, तो २३० ची बाजू आणि १९ व्होल्टची बाजू ह्यांच्यामध्ये बसवलेला असतो आणि फॉइलवर दिसलेला करंट त्यातूनच येत होता. चांगल्या अडॅप्टरमध्ये तिथे वाय-कपॅसिटर टाकतात, सेफ्टीचा म्हणून खास बनवलेला, शॉर्ट होणार नाही अशा बेताने. माझ्यात साधाच टाकलेला होता, त्यावर सेफ्टीची एकही खूण नाही. तो शॉर्ट झाला असता तर २३० व्होल्ट सरळ हँडलच्या पट्टीवर आणि मावशींच्या हातावर. मीटरवर ३२९ पास दिसत होतं ते ह्या चकतीच्या भरवशावर. शिवाय ट्रान्सफॉर्मरखाली दोन्ही बाजूंच्या तांब्याच्या रेषांमध्ये अंतर बघितलं, पट्टी लावून, जेमतेम साडेतीन मिलीमीटर. मेडिकलच्या अडॅप्टरला आपल्या २३० व्होल्टला तिथे ८ मिलीमीटर लागतं आणि नवीन डिझाइन पास करताना ४००० व्होल्ट लावून बघतात. मी विचारलं की मग आत्ता लावा की ४०००, तर म्हणाल्या वापरातल्या वस्तूला इतकं लावलं तर चांगलं इन्सुलेशन पण कमजोर होतं, वापरातल्या आणि रिपेअर झालेल्या मशीनसाठी वेगळं स्टँडर्ड आहे, आयईसी ६२३५३, त्यात ५०० व्होल्ट डीसीने बघतात. ते त्यांनी आधीच करून घेतलं होतं आणि त्यात माझा अडॅप्टर पास होता! म्हणजे फक्त इन्सुलेशनचा रीडिंग घेऊन कोणी शिक्का मारून दिला असता तर मी तोच अडॅप्टर परत घरी आणून लावला असता.

आणि बॅटरी. हे लिहिताना अजून अंगावर काटा येतो. पॅक उघडला, आत चार लिथियमचे सेल, एकामागे एक जोडलेले. पूर्ण चार्ज झाल्यावर एका सेलला ४.२ व्होल्ट, चार म्हणजे १६.८. मीटर लावला, बरोबर १६.८०. मी म्हणलं बघा, बॅटरी तर चांगली आहे. त्यांनी एकेक सेल मोजला आणि कागदावर लिहीत गेल्या, ४.३१, ४.३१, ३.८७, ४.३१. बेरीज केली तर १६.८०च येते. एक सेल म्हातारा झाला होता, त्याच्या वाटणीचं बाकीच्या तिघांत भरलं जात होतं, रोज, आईच्या उशापासून दोन फुटांवर. लिथियमचा सेल सतत ओव्हरचार्ज होत राहिला तर फुगतो, आणि पुढे आतल्या आत तापत जाऊन पेटू शकतो, आणि एक पेटला की शेजारच्यांना घेऊन पेटतो.

हे होऊ नये म्हणूनच पॅकमध्ये एक छोटं सर्किट असतं, बीएमएस, प्रत्येक सेलवर लक्ष ठेवतं आणि एक जरी जास्त भरला तरी चार्जिंग तोडतं. आमच्या पॅकमध्ये बीएमएस होतं. पण त्याला टाळून एक लाल वायर सरळ सेलला सोल्डर केलेली, सोल्डरचा गोळा तिथे चक्क दिसत होता. मॅडमच्या अंदाजाने झालं असं असणार की म्हातारा सेल असल्यामुळे बीएमएस सारखं ट्रिप होत होतं, मशीन पूर्ण चार्ज होत नव्हतं, तर ज्याने "बॅटरी नवीन टाकली" त्याने सेल न बदलता पहारेकरीच काढून टाकला. मी काही बोललो नाही, पण डोळ्यात पाणी आलं हे खरंय. आमच्याकडून पैसे घेतले त्याचं मला तेवढं वाईट वाटलं नाही, पण हे मशीन कोणाच्या उशाशी जाणार आहे हे त्या माणसाला माहीत होतं.

नवीन पॅक आणि मेडिकल ग्रेडचा अडॅप्टर ह्यांनीच मागवून दिला. पॅक ५४०० रुपये, अडॅप्टर ३२००, टेस्टिंग १५०० अधिक जीएसटी. महाग वाटेल पण त्यांनी बिलावर प्रत्येक गोष्ट वेगळी लिहून दिली आणि मशीन त्यांच्याकडूनच घ्या वगैरे एकदाही म्हणाले नाहीत. उलट मीच विचारलं की नवीन मशीन घेऊ का, तर मालक म्हणाले पंप आणि मोटर उत्तम आहे, उगाच खर्च करू नका.

नवीन पॅक बसवायच्या आधी त्याचंही टेस्टिंग माझ्यासमोर झालं. पत्र्याच्या डब्यात ठेवून मुद्दाम दोन्ही टोकं शॉर्ट केली, बीएमएसने लगेच तोडलं, आणि शॉर्ट काढल्यावर पॅक परत सुरू. मग बाहेरच्या सप्लायने हळूहळू व्होल्टेज वाढवत नेलं, सेलमागे ४.२ च्या थोडं वर गेल्यावर चार्जिंग बंद. नवीन अडॅप्टरवर फॉइलचा आकडा २२, न्यूट्रल तोडल्यावर ३९. कॅथेटरवर ६. घरी आल्यावर मी सगळ्यात आधी अनवाणी उभा राहून पट्टीवर बोट फिरवलं, गुळगुळीत.

शेवटी बॅटरी पूर्ण संपेपर्यंत मशीन चालवून बघितलं. ५२ मिनिटं चाललं आणि लाल लाइट लागल्यापासून ६ मिनिटांत बंद. जुन्या पॅकवर मी कधी मोजलंच नव्हतं. ती ६ मिनिटं मावशींना सांगून ठेवलीत, मशीनवर स्टिकर पण लावलाय, मॅडमनी स्वतःच्या हाताने मराठीत लिहून दिला. व्हॅक्यूमचा गेजही तपासला, तो बरोबर निघाला.

अजून एक गोष्ट त्यांनी विचारली जी मी सांगितलीच नव्हती, "घरी अजून काय चालतं?" आमच्याकडे ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर आहे, तीन पिनांचा प्लग, आणि पलंगाजवळच्या बोर्डावर दोन पिनांचंच सॉकेट म्हणून मी कन्व्हर्टर लावून चालवत होतो. म्हणजे अर्थिंगची पिन मीच कापल्यासारखी. त्या म्हणाल्या लॅबमध्ये आम्ही बटण दाबून अर्थिंग तोडतो आणि काय होतं ते बघतो, तुम्ही घरी कायमचीच तोडून ठेवलीय. घरातल्या अर्थिंगचा भरवसा नसतो म्हणून घरी वापरायच्या मेडिकल मशीनसाठी २०१० साली वेगळं स्टँडर्ड आलं, ६०६०१-१-११, त्याप्रमाणे प्लगवर चालणारं घरगुती मशीन अर्थिंगच्या भरवशावर असताच कामा नये, डबल इन्सुलेशनचं पाहिजे, चौकोनात चौकोन अशी खूण असते त्यावर. आमचा कॉन्सन्ट्रेटर हॉस्पिटलमधून आलेला जुना, त्यावर ती खूण नाही. दुसऱ्याच दिवशी वायरमन बोलावून तीन पिनांचं सॉकेट ओढून घेतलं आणि अर्थिंग खरंच आहे का ते मोजून घेतलं. आमच्या बिल्डिंगमध्ये त्या खोलीपर्यंत आधी अर्थिंगची वायर आलेलीच नव्हती.

आता अर्धा स्टार. पॅक यायला नऊ दिवस लागले आणि ह्यांच्याकडे तोपर्यंत वापरायला द्यायला मशीन नाही. मॅडमनी स्वतः दोन-तीन फोन करून मला पायाने चालवायचं सक्शन मिळवून दिलं, त्यावर आम्ही ते नऊ दिवस काढले, रात्री तीन वाजता झोपेत पाय मारत सक्शन करणं काय असतं ते मावशींना विचारा. घरी पेशंट असलेल्या माणसाचं मशीन काढून घेतल्यावर त्याला पर्याय देणं ही सोय ह्यांनी करायलाच हवी, भाडं घ्या, पण ठेवा एक मशीन. दुसरं म्हणजे रिपोर्ट सगळा इंग्रजीत आणि नुसते आकडे. तोंडी इतकं सुंदर समजावतात तर तेच चार ओळी मराठीत लिहून दिलं तर घरातल्या बाकीच्यांनाही वाचता येईल. मालकांना सांगितलंय, करतो म्हणालेत.

भिंतीवर त्यांच्या अॅनलायझरचं स्वतःचं कॅलिब्रेशन सर्टिफिकेट लावलेलं आहे, तारीख बघून घेतली, मुदतीत होतं. जुना पॅक मला परत देत नव्हते, ई-वेस्टला जाईल म्हणाले, मी फोटो काढून घेतला आणि तो विकणाऱ्याला पाठवला. दोन निळ्या टिका आल्या, उत्तर आलेलं नाही.

जाणार असाल तर: दुपारी दीड ते अडीच जेवणाची सुट्टी असते, सकाळी दहाला पोचा. गाडी आत लावता येते पण टेम्पोंची गर्दी असते. मशीनसोबत तुम्ही रोज वापरता तोच चार्जर, तीच एक्स्टेन्शन, तोच कन्व्हर्टर न्या, चांगला शोधून नेऊ नका. मशीन आदल्या रात्रीपासून चार्जिंगला लावून पूर्ण भरून न्या, आणि वापरलेली नाही अशी कॅथेटरची एक नळी सोबत ठेवा, त्यांच्याकडची आमच्या मशीनला बसत नव्हती. पेशंटजवळ तेवढा वेळ दुसरं सक्शन आहे ना ते बघूनच घराबाहेर पडा.